नीळ आणि काजळ

"मला ऑथेल्लो मिळाला," ईशान म्हणाला. पाठीवरची सॅक अजून उतरलेली नव्हती, फ्रिजचं दार सताड उघडं आणि हातात दुधाचा गॅलन. दहावीच्या इंग्रजीच्या तासाला शेक्सपिअर चालू आहे, बाई वर्गात उभं करून प्रवेश वाचून घेणार आहेत, एवढं माझ्या कानावर होतं. मी पोह्यांसाठी कांदा परतत होतो, तो हात थांबला. सांगलीच्या माणसाच्या पोराला, तेही इथे न्यू जर्सीत, ऑथेल्लो! उलथनं हातात धरूनच मी म्हटलं, "अरे, म्हणजे मेन रोल!" त्याने ग्लासभर दूध एका दमात संपवलं, ओठांवर उमटलेली पांढरी मिशी मनगटाने पुसली, "ऑबव्हियसली," म्हणाला आणि जिना चढून वर गेला. कांदा खाली लागला.

आधी मला ती फुशारकी वाटली. या वयात पोरं असंच बोलतात, बापाच्या कौतुकाला एका शब्दात वाटेला लावतात. पण रात्री दिवा मालवल्यावर त्याचा तो सूर आठवायला लागला, आणि त्यात फुशारकी नव्हती. बँकेच्या रांगेत आपला नंबर येतो आणि नेमकी तेव्हाच खिडकी बंद होते, तेव्हा आपण स्वतःशी "वाटलंच" म्हणतो ना, त्या जातीचा सूर होता. सकाळी शाळेत सोडताना गाडीत विषय काढला. असलं काही गाडीत विचारलेलं बरं, दोघांनाही समोर रस्त्याकडे बघता येतं. "बाबा, वर्गात सगळ्यात डार्क मी आहे ना," तो म्हणाला. "म्हणजे एक ब्लॅक मुलगा आहे, पण तो पहिल्याच दिवशी म्हणाला, मी हे नाटक वाचणार नाही, पास." सिग्नल लागला. पाऊस बारीक होता, वायपर कोरड्या काचेवर करकरत होते. "आणि मला खरं तर इयागो हवा होता. त्याला जास्त लाइन्स आहेत."

हे मात्र खरं. नाटकाला नाव ऑथेल्लोचं, व्हेनिसच्या काळ्या सेनापतीचं, पण बोलायला जास्त दिलंय ते खलनायकाला, त्याचे कान भरून त्याच्याकडून बायकोचा खून करवणाऱ्या इयागोला.

त्याच संध्याकाळी, म्हणजे सांगलीत उजाडताना, मी अण्णांना फोन लावला आणि बातमी सांगितली. गाडीतलं बोलणं तेवढं वगळलं. आनंदाची अर्धीच बातमी सांगायची ही माझी जुनी खोड आहे. अण्णा खूश झाले. "झुंझारराव!" ते ओरडलेच. "आपल्या देवलांचा!" आमच्याकडे नाटककार देवल 'आपले' असतात, कारण ते हरिपूरचे, आणि हरिपूर म्हणजे संध्याकाळी पाय मोकळे करायला संगमेश्वराच्या देवळापर्यंत जायचं गाव. १८९० साली देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला, त्याच्या बायकोची, डेस्डेमोनाची, कमळजा केली, इयागोचा जाधवराव. गणपतराव जोशी झुंझारराव उभा करायचे. अण्णांनी अर्थातच ते पाहिलेलं नाही, त्यांच्या वडिलांनी पाहिलं होतं म्हणे. पण आमच्या घरात ती आठवण इतक्या वेळा सांगितली गेलीय की मलासुद्धा आपण पिटात बसून ते नाटक बघितल्यासारखं वाटतं. अण्णा कमळजेच्या गळ्याभोवती हात कसे आवळले जात ते सांगत होते. फोन स्पीकरवर होता. ईशान मध्येच म्हणाला, "आजोबा, तो झुंझारराव ब्लॅक होता का?"

पलीकडे पेपर टाकणाऱ्या पोराची सायकल वाजली. "अरे, तो सरदार होता," अण्णा म्हणाले. "शूर. मोठा लढवय्या." "हो, पण ब्लॅक?" अण्णा जरा थांबले. "ते कधी डोक्यात आलं नाही बघ, बाळा. संशय आला आणि चांगल्या माणसाचा घात झाला, एवढंच आमच्या डोक्यात." मला अण्णांचा राग येईना आणि ईशानलाही गप्प करवेना. खरंच, आम्ही मराठी माणसांनी त्या नाटकातला संशय तेवढा उचलला. देवलांना तर संशयाचं असं वेड की पुढे त्यांनी त्यावर एक अख्खं हसवणारं नाटकही लिहिलं, आणि 'संशयकल्लोळ' आजही लागलं की तिकिटं जातात. 'नटसम्राट'मधले बेलवलकर ऑथेल्लोचं नाव काढतात तेव्हा आपल्याला गहिवरून येतं ते एका थकलेल्या नटासाठी. कातडीचा प्रश्न मुंबईच्या बंदरात कुठेतरी बोटीवरच राहून गेला. की तो आपल्याला नकोच होता? हिंदीत 'ओमकारा' आला २००६ साली, तेव्हा विशाल भारद्वाजने तो प्रश्न बरोबर हुडकून काढला. त्याला रंगाची गरजच पडली नाही. नायकाला 'आधा बामन' म्हटलं, की उत्तर प्रदेशात काय आणि आपल्याकडे काय, सगळ्यांना सगळं कळतं.

शनिवारी रात्री ईशानने त्याच्या लॅपटॉपवर 'ओ' लावला. त्यांच्या बाईंनीच सुचवला होता. टिम ब्लेक नेल्सनचा हा सिनेमा २००१ साली आला, ऑथेल्लोचंच कथानक पण अमेरिकेतल्या श्रीमंत खासगी हायस्कूलमध्ये बसवलेलं. सेनापतीच्या जागी बास्केटबॉलचा स्टार ओडिन, अख्ख्या शाळेतला एकमेव काळा विद्यार्थी. डेस्डेमोनाची झाली डेसी, डीनची मुलगी. संशय पेटवणाऱ्या रुमालाऐवजी स्कार्फ, ओडिनच्या घरातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आणि इयागोचा ह्यूगो, कोचचा मुलगा. मी 'टीनएजर लोकांचा सिनेमा' म्हणून जरा नाक मुरडूनच बसलो होतो, मांडीवर चिवड्याची वाटी. सुरुवातीला पांढरी कबुतरं घुमतात, मागे व्हर्डीच्या ऑपेरातली डेस्डेमोनाची प्रार्थना, आणि त्यावर ह्यूगोचा आवाज: मला ससाण्यासारखं जगायचंय, सगळ्यांच्या वर. थोड्या वेळात शाळेच्या समारंभात कोच ओडिनला बक्षीस देतो आणि भरल्या सभेत सांगतो, याच्यावर मी पोटच्या मुलासारखं प्रेम करतो. पोटचा मुलगा खाली त्याच सभेत बसलेला असतो.

"पुअर ह्यूगो," ईशान म्हणाला.

मीही मनात तेच म्हटलं होतं. सिनेमा सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती, अजून कुणाचा खून सोडा, साधी चुगलीसुद्धा झाली नव्हती, आणि आम्ही दोघे बापलेक खलनायकाच्या बाजूला जाऊन बसलो होतो. पुढे एक जेवणाचा प्रसंग आहे. बाप मुलाला जेवायला बोलावतो. मुलाच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळतं. मार्टिन शीन कोच झालाय, तो ताटाकडे बघत विचारतो, ओडिनचं काय चाललंय? तुझी मला काळजी नसते रे. जॉश हार्टनेटने त्या वेळी जे काही केलंय, म्हणजे काहीच केलेलं नाही, नुसता बसून राहिलाय, ते बघून माझा चिवडा घशाशी आला. मी आठवत होतो, गेल्या महिन्यात ईशानच्या बुद्धिबळाच्या सामन्यावरून परतताना मी पूर्ण वेळ कुणाच्या खेळाबद्दल बोलत होतो. त्याच्या नव्हे.

बापाचं प्रेम न मिळालेला मुलगा. त्यात चोरून स्टेरॉइड घेणारा. सिनेमाने ह्यूगोला हे सगळं दिलंय, आणि ते इतकं चांगलं दिलंय की ते काढून टाकलं तर सिनेमात राम उरणार नाही. शेक्सपिअरचा इयागो असा नव्हता. बढती मिळाली नाही म्हणतो, बायकोवर संशय आहे म्हणतो, दर थोड्या वेळाने नवं कारण काढतो आणि शेवटी पकडल्यावर एक शब्द बोलत नाही. इंग्रज कवी कोलरिजने त्याला विनाकारण दुष्टावा म्हटलं, कारणं शोधत फिरणारा दुष्टावा. त्याच कोलरिजला, मजा बघा, ऑथेल्लो खरोखरचा काळा आफ्रिकी माणूस असेल ही कल्पना मात्र सोसवली नाही. व्हेनिसच्या सुंदर मुलीने अशा माणसावर प्रेम करावं हे त्याला भयंकर वाटलं. दुष्टाव्याला कारण नसलं तरी चालेल, प्रेमाला मात्र हवं. आणि इयागो हे नाव तरी कुठलं? सांतियागो या स्पॅनिश संताच्या नावातलं. त्याच संताला स्पेनमध्ये मातामोरोस म्हणतात, मूरांना, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांना, मारणारा. नाटकाच्या उपनावात मूर, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या मित्राच्या नावातच मूरांचा कर्दनकाळ. शेक्सपिअरच्या मनात हे होतं की नाही कोण जाणे, पण एकदा कळल्यावर डोक्यातून जात नाही.

तर ह्यूगोचा राग बापावरचा. पण हत्यार कुठलं उचलतो तो? पहिलाच डाव: दुसऱ्या एका पोराला पुढे करून डीनच्या कानावर घालायचं की ओडिनने तुमच्या मुलीवर जबरदस्ती केली. एवढंच. पुरावा नको, साक्षीदार नको. काळा मुलगा, गोरी मुलगी, पुढचं वाक्य ऐकणाराच पूर्ण करतो. ओडिनला बोलावून घेतलं जातं, उलटतपासणी होते. आतापर्यंत ज्याला बास्केटमध्ये चेंडू टाकल्याबद्दल अख्खी शाळा डोक्यावर घेत होती, त्याच्याकडे बघायची नजर एका दुपारीत बदलते, आणि ती परत पूर्ण पूर्वीसारखी होत नाही. मला तो प्रसंग खुनापेक्षा जास्त लागला. ईशानने काही म्हटलं नाही, फक्त हुडीची टोपी डोक्यावर ओढून घेतली.

शेवट सांगायला हरकत नाही, चारशे वर्षांपूर्वीचा आहे. फक्त मरण्याआधी ओडिन जमलेल्या सगळ्यांना जे सांगतो ते शेक्सपिअरमध्ये नाही. सारांश असा: माझी आई व्यसनी नव्हती, मी गुंडांच्या टोळीतला नव्हतो, मला कुठल्या गल्लीतल्या ड्रग्जवाल्याने पाडलं नाही, पाडलं ते या तुमच्या शाळेतल्या गोऱ्या पोराने. मी जिथून आलो त्यामुळे हे घडलं नाही, हे लोकांना सांगा. मूळच्या ऑथेल्लोला आपलं नाव कसं उरेल याची काळजी असते. या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या आईचं नाव कसं उरेल याची आहे. आणि ह्यूगो? तो पोलिसांच्या गाडीत बसतो, आणि आवाज पुन्हा त्याचाच. ससाणा. सिनेमा त्याच्यापासून सुरू होतो, त्याच्यापाशी संपतो.

ईशानने लॅपटॉप मिटला. "ओडिनला हे एक्सप्लेन का करायला लागतं? ह्यूगोला कुणी विचारलं, तू कुठून आलास?"

मी म्हटलं, झोप आता, एक वाजला.

मग मीच जागा राहिलो. हा सिनेमा १९९९ साली तयार होत होता, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलंबाइनच्या शाळेत दोन मुलांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला गोळ्या घातल्या. त्यानंतर शाळकरी मुलं एकमेकांना मारतात असा सिनेमा दाखवायला कुणी धजेना. तो दोन वर्षं डब्यात पडून राहिला आणि दुसऱ्याच कंपनीने अखेर ३१ ऑगस्ट २००१ ला लावला. मी तेव्हा नुकताच इथे आलो होतो. मला आठवतं, कोलंबाइनबद्दल तेव्हाही टीव्हीवर चर्चा चालायच्या: व्हिडिओ गेममुळे झालं का, गाण्यांमुळे, वर्गातल्या चिडवण्यामुळे? त्या दोन मुलांच्या मनाचा तळ शोधायला अख्खा देश विहिरीत उतरला होता. ते चूक होतं असं मी म्हणत नाही. उतरायलाच हवं. पण विहिरी निवडून उतरतात लोक. 'ओ'चं चित्रीकरण झालं साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला, जिथल्या धक्क्यावर कधीकाळी गुलामांची जहाजं लागायची. त्याच चार्ल्स्टनमध्ये जून २०१५ ला २१ वर्षांचा एक गोरा तरुण काळ्यांच्या जुन्या चर्चमध्ये गेला, प्रार्थनेला बसलेल्यांच्या शेजारी बसला आणि त्यातल्या नऊ जणांना त्याने मारलं. ते वाचलं त्या दिवशी मला हा सिनेमा माहीत नव्हता. आता तो माहीत झाल्यावर त्यातलं ते देखणं, हिरवंगार शाळेचं आवार मला तितकंसं देखणं दिसेना.

रविवारी सामान आणायला निघालो तेव्हा ईशानला म्हटलं, चल, जरा न्यू ब्रन्सविकवरून जाऊ. रटगर्स विद्यापीठ आमच्या घरापासून फार लांब नाही. आमच्या ओळखीतल्या निम्म्या मुलांनी तिथेच इंजिनिअरिंग केलंय. तिथे पॉल रोब्सनच्या नावाचा एक चौक आहे, काळ्या ग्रॅनाइटवर त्याची हकीकत कोरलेली. मी त्यावरून शंभर वेळा गेलो असेन, थांबलो नव्हतो. रोब्सन इथलाच, जन्म प्रिन्स्टनचा. तो रटगर्सला शिकत होता तेव्हा तिथला एकटा काळा विद्यार्थी होता. फुटबॉलच्या संघात यायला गेला तर सरावाच्या पहिल्याच दिवशी संघातल्याच पोरांनी त्याचं नाक फोडलं. दक्षिणेतल्या एका कॉलेजने काळ्या खेळाडूविरुद्ध खेळायला नकार दिला तेव्हा त्याला बाकावर बसवलं गेलं, तरीही पुढे तोच देशातल्या उत्तम खेळाडूंमध्ये निवडला गेला. आणि हाच माणूस १९४३ साली ब्रॉडवेवर ऑथेल्लो झाला, २९६ प्रयोग. गोऱ्या नटीसमोर, काळा रंग न लावता. "म्हणजे हा ओडिनच की," ईशान म्हणाला. "फक्त याला ह्यूगो नाही भेटला." भेटले, मी म्हटलं, पण ते सरकारात होते, १९५० ला त्याचा पासपोर्टच काढून घेतला, आठ वर्षं. ग्रॅनाइट गुळगुळीत होतं, वाचताना अक्षरांवर आमचेच चेहरे येत होते, त्यामुळे आम्ही दोघेही डोकं तिरकं करून वाचत होतो.

रोब्सनच्याही शंभरेक वर्षं आधी आयरा आल्ड्रिज. न्यूयॉर्कचा काळा नट, १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो म्हणून उभा राहिला, वर्तमानपत्रांनी असं झोडपलं की दोन प्रयोगांत गाशा गुंडाळावा लागला. मग तो युरोपभर फिरला, राजेरजवाड्यांची पदकं मिळवली आणि १८६७ मध्ये पोलंडातल्या वुजला दौऱ्यावर असतानाच गेला. त्याच १८६७ साली महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांचा मराठी ऑथेल्लो छापून आला. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नसणार. आणि आल्ड्रिजनंतर तब्बल शतकभराने, १९६४ ला, गोरा इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए नखशिखान्त काळा रंग फासून ऑथेल्लो होत होता. रंग चकाकावा म्हणून वरून शिफॉनच्या कापडाने अंग घासून घ्यायचा. त्या भूमिकेचा सिनेमाही निघाला, मी कॉलेजात असताना पुण्यात एका फिल्म सोसायटीत पाहिला. केवढी टाळी वाजवली होती आम्ही. आता त्यातली दोन मिनिटं बघवत नाहीत. पण ती टाळी मीच वाजवली होती, ती काही मला परत घेता येत नाही.

आणि रंगाचंच म्हणायचं तर ऑलिव्हिएपर्यंत जायला नको.

१९८६. सातवी. शाळेचं गॅदरिंग, 'कंसवध'. मी कृष्ण, कारण मी गोरा, आणि बाईंच्या शब्दांत 'चेहऱ्याला तेज आहे'. दत्ता कंस. दत्ता दरवर्षी कंस किंवा रावण किंवा हिरण्यकशिपू असायचा. तो काळा होता, दणकट होता, नदीकडच्या वस्तीतून यायचा आणि त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा. तर मला निळा करायचा होता. कपड्यांची नीळ, टाल्कम पावडर आणि खोबरेल तेल एका पितळी वाटीत कालवलेलं. तो गार लगदा बाई माझ्या मानेपासून चोपडत होत्या आणि मला गुदगुल्या होत होत्या. दत्ताला आणखी काळा करायचा होता. का? मागच्या रांगेतल्या पालकांना कळायला नको का, कंस कोण ते! दिव्यावर धरलेली काजळी तेलात खलून तयार होती, आणि बाईंचे हात निळे म्हणून ते काम माझ्याकडे. मी, निम्मा निळा कृष्ण, दत्ताच्या गालांवर दोन बोटांनी काजळ ओढत होतो. त्याचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता, श्वासाला लसणीच्या चटणीचा वास. तेव्हा तो म्हणाला, "बाई, मला कृष्ण करा की. रंगाचा खर्च वाचंल. तसाबी कृष्ण काळाच हुता."

बाई हसल्या. खोलीतले सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो, इतका की नाकाजवळची नीळ तडकली आणि पुन्हा लावावी लागली.

पुढे कितीतरी वर्षं मी तो विनोद म्हणून सांगत आलो. दत्ता काय हजरजबाबी, वगैरे. आषाढात 'सावळें सुंदर रूप मनोहर' गाडीत लावतो, डोळे भरतात, आणि त्यातल्या सावळ्याचा आणि दत्ताचा काही संबंध असेल हे त्या एवढ्या वर्षांत एकदाही... असो. नाटकात मी त्याला छातीवर बसून मारलं. टाळ्या पडल्या. तो मेल्यासारखा पडून होता आणि पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला. तेव्हा आम्ही मित्र होतो. कधीपासून नव्हतो ते सांगता येणार नाही. भांडण काही झालं नाही. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो रोज सकाळी विठ्ठलाचा फोटो टाकतो. मी कधी अंगठा दाखवतो, कधी नाही.

रविवारी रात्री मी ईशानच्या बाईंना ईमेल लिहायला बसलो. तीन खर्डे केले. पहिला फार चिडका, दुसरा फार गुळमुळीत, तिसऱ्यात कॉव्हेंट गार्डन आलं तेव्हा मीच हात आवरला. ईशान पाणी प्यायला खाली आला आणि खांद्यावरून वाचायला लागला. "बाबा, काय हे! तिने नाही दिला रोल. चिठ्ठ्या टाकल्या होत्या."

"चिठ्ठ्या?"

"हो. बेसबॉल कॅपमध्ये. मी उचलली, ऑथेल्लो आला."

"मग तू ऑबव्हियसली का म्हणालास?"

त्याने खांदे उडवले. ग्लासातलं पाणी हलवत राहिला. "मी चिठ्ठी वाचली तर सगळे 'ओह, येस' म्हणाले. कुणालाच फनी वाटलं नाही. इयागो एका मुलीला आला तेव्हा सगळे हसले. माझ्या वेळी कुणीच नाही." मग जरा थांबून, "मलापण नाही वाटलं."

मी ईमेल पुसून टाकली. सोमवारी त्याने त्या मुलीशी अदलाबदल केली. बाई 'शुअर' म्हणाल्या, एवढं सोपं होतं. ऑथेल्लो आता ती वाचणार, तिचे केस लाल आहेत म्हणे. तेव्हापासून वरच्या खोलीतून इयागो ऐकू येतो. दार लावून, आवाज खाली आणून, कुणाच्या तरी कानाशी लागल्यासारखा तो बोलतो. चांगला बोलतो. इतका चांगला की कपड्यांची टोपली घेऊन जिन्यात उभा असताना माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यात थोडा अभिमानही होता. हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, टोपली दे इकडे, मशीन लावायचंय.

या सगळ्यात अण्णा उत्साहात आले होते ते वेगळंच. माळ्यावरची पेटी उतरवून घेऊन, अल्बम शोधून, शेजारच्या मुलीकडून त्यांनी काल फोटो पाठवला. 'तुझा बाप नट', खाली त्यांचा संदेश, नातवाला. १९८६ चं गॅदरिंग, काळा-पांढरा, कडेला वाळवीने खाल्लेला. प्रयोग संपल्यावरचा आहे. मुकुट, मोरपीस, गदा, सगळं भाड्याचं, ते तोवर पेटाऱ्यात परत गेलेलं. नुसत्या बनियनवर आम्ही पोरं ओळीने उभी, तोंडं तशीच रंगवलेली. नीळ आणि काजळ, दोन्ही फोटोत सारखेच आलेत. एकच करडा रंग, त्यात डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात.

ईशानने फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, इकडून तिकडे सरकवलं. "हा तू," तो म्हणाला.

मी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाजवळ नेला. कान पुढे आलेले, डावा जरा मुडपलेला. दत्ताचे.

फोटो मी ग्रुपवर अजून टाकलेला नाही.